चमत्काराला मोल हवे

गेल्या दिवाळीतली गोष्ट. फराळाच्या बश्या अजून उचलल्या गेल्या नव्हत्या, तोच घरात वादाला तोंड फुटले. मुलांना एका विज्ञानपटाला जायचे होते. आमचे दादा कडाडले, "कशाला ते खोटेनाटे बघता? म्हणे माणसे आकाशात उडतात!" मुले हिरमुसली.

दादांचे हे म्हणणे मला साफ नामंजूर आहे. अद्भुतपटाला खोटा म्हणून नावे ठेवणे म्हणजे चकलीला काटे आहेत म्हणून नाक मुरडणे. ते असायचेच! माझे भांडण वेगळे आहे. आजच्या पुष्कळशा अद्भुतपटांत चमत्कार उदंड. पण त्यांचे मोल कोणीच चुकवीत नाही.

आपला चित्रपट वाढला तोच मुळी अद्भुताच्या मांडीवर. दादासाहेब फाळक्यांच्या १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली होती त्यांचीच कन्या मंदाकिनी. आरंभी ही चिमुरडी पडद्यावर नुसते हावभाव करून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. म्हणजे 'ही आमची पोर, आता गंमत बघा' असे फाळक्यांनी आधीच सांगून टाकले! त्यात फसवणूक कसली?

पुढे १९३६ साली 'प्रभात'ने 'संत तुकाराम' काढला. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात. त्या विमानाची करामत आजचे शेंबडे पोरही ओळखील. पण खाली उरते ती जिजाई. पोरांच्या पोटात काय घालू, म्हणून जी जन्मभर देवाशी भांडली, तिचाच नवरा त्या देवाने नेला! तुकोबांच्या वैकुंठाचे मोल या बाईने दिले. डोळे भरून येतात ते तिच्यासाठी; विमानासाठी नव्हे.

परदेशातले उदाहरण हवे? १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी केली आणि तिच्या किरणोत्सारी राखेत एक जपानी मासेमारी नौका सापडली. त्याच वर्षी जपानात 'गोजिरा' आला. राक्षस कसला, रबरी पोशाखातला माणूस! तो पुठ्ठ्याप्लास्टरचे टोकिओ तुडवतो. पण त्याला मारण्याचे अस्त्र ज्या शास्त्रज्ञापाशी असते, तो आपले सारे कागद जाळतो आणि समुद्राच्या तळाशी स्वतःही प्राण देतो. कारण त्या अस्त्राची विद्या आपल्यामागे कोणाच्याही हाती लागू नये. विज्ञानपट म्हणावा तो हा.

आणि आज? २०१८ च्या एका 'ॲव्हेंजर्स'पटात चुटकीसरशी अर्धी जीवसृष्टी नाहीशी होते. पुढच्याच वर्षी, पुढच्याच भागात, ती परत येते! एक नायक त्यापायी बळी जातो, हे मान्य. पण गेलेले माणूस पुढच्या तिकिटाला परत मिळते, हे एकदा मुलांना उमजले की पडद्यावरच्या मरणाला ती कशाला भितील?

व्यंगपटांचीही तीच गत. १९९४ चा 'लायन किंग' हातांनी रेखाटलेला होता. मेलेल्या बापाच्या कुशीत शिरणारा तो छावा पाहून थोरामोठ्यांचे गळे दाटून आले. २०१९ साली तोच चित्रपट संगणकावर हुबेहूब बनवला. आयाळीचा केस न् केस खरा. आणि चेहरा मात्र मुका! खऱ्या सिंहाला भुवया उंचावून रडता येत नाही, एवढे साधे गणित खर्चाच्या धुरळ्यात दिसेनासे झाले. रेषेला जे साधत होते, ते हुबेहूबपणाने घालवले.

कोणी म्हणेल, "अहो, दोन घटकांची करमणूक, तिला एवढा काथ्याकूट कशाला?" तर काऊचिऊची गोष्टसुद्धा करमणूकच होती. पण तिच्यात शेणाचे घर वाहून जात होते, आणि ते गेले हे ऐकणाऱ्या पोराला चांगले कळत होते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. मुलांना अडवू नका. खुशाल जाऊ द्या, जमल्यास आपणही जा. परत आल्यावर फक्त विचारा, "बाळांनो, त्यात कोणाला काय गमवावे लागले?" उत्तर आले, तर पैसे वसूल झाले. नाही आले, तर त्या रात्री तुम्हीच त्यांना एक गोष्ट सांगा.

दादांना मी हेच सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण मुलांबरोबर गेले मात्र तेच.