दुकानातल्या डब्याची देखभाल कोण करणार?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐन भरात आहेत आणि फाटकावरच्या माणसाने मनाशी घेतले की आत जागाच उरली नाही, तर काय होईल? यार्ड रिकामे आणि बाहेर गाड्यांची रांग! आपल्या दुकानात इंटरनेट आणणारा जो डबा असतो, त्या राऊटरचे असेच होऊ शकते.

हा नुसता तर्क नव्हे. जुलै २००३ मध्ये सिस्को या अमेरिकन कंपनीने आपल्या राऊटरच्या सॉफ्टवेअरमधील असाच दोष जाहीर केला. विशिष्ट रचनेचे संदेश आले की आपली रांग भरली असा राऊटरचा समज होई व त्या वाटेवरची ये-जा थांबे. धोक्याची सूचना मिळत नसे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागे. कंपनीने सुधारित सॉफ्टवेअर दिले. पण ज्याने ते बसवले, त्याचाच धोका टळला.

हे मोठ्यांचे दुखणे आहे, असे म्हणून भागणार नाही. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील इंटरनेट पुरवठादारांवर खोट्या संदेशांचा लोंढा सोडण्यात आला. तेथे फाटकावाला चुकला नव्हता. खोट्या गाड्याच इतक्या आल्या की खऱ्या अडकल्या. अशा हल्ल्यात अनेकदा दुसऱ्यांचे बेवारस सोडलेले डबेच जुंपले जातात. जुलै २०१७ मध्ये शेजारच्या कर्नाटकात बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम बंद पडले. ज्यांनी कारखान्याचा पासवर्ड तसाच ठेवला होता, त्यांच्या मोडेममध्ये घातक प्रोग्राम शिरला होता.

अशी सेवा जाणूनबुजून बंद पाडणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ व ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पण कायद्याने बुडालेला दिवसाचा धंदा परत येत नाही. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दूरचे गिऱ्हाईक फोनवर फोटो मागते, पैसेही फोनवरूनच पाठवते. ऐन वेळी उत्तर गेले नाही, तर ते दुसरे दार ठोठावते.

आमचे व्यापारी व कारागीर बांधवांना सांगणे आहे की, डब्याचा पासवर्ड आजच बदला. अपडेट वेळच्या वेळी बसवून घ्या. मोबाईलचे इंटरनेट दुसरी वाट म्हणून हाताशी ठेवा. नवा डबा घेताना, अपडेट किती वर्षे मिळणार हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून मागा. एकट्याला तो दाद देणार नाही. सातारा-सांगलीच्या व्यापारी संघटनांनी मिळून मागावे, म्हणजे त्याला द्यावे लागेल. बाजार बंद असेल त्या दिवशी एखाद्या जाणत्या मुलाला मेहनताना देऊन दुकानोदुकानी फिरवले, तरी पुष्कळ काम होईल.

सतारीची जवारी बिघडली की कारागीर ती पुन्हा काढतो, तोवर सतार गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. ज्या डब्यावर आता रोजीरोटी चालते, त्याचीही तेवढीच निगा राखली पाहिजे.