एकदा बांधलं, की कुठेही चालेल?

एआय एजंट म्हणजे नुसता उत्तरं देणारा चॅटबॉट नव्हे. तो फाइल उघडतो, शोधाशोध करतो, आपल्या वतीने मेलही पाठवतो. असा एजंट एकदाच बांधावा आणि कॉलेजच्या सर्व्हरवर किंवा कुठल्याही कंपनीच्या क्लाउडवर चालवावा, असं हल्ली सगळे म्हणतात. मला ते पटतं, पण अर्धंच.

ही कल्पना मूळची बंदरातली. १९५६ मध्ये माल्कम मॅकलीन यांनी ‘आयडियल एक्स’ जहाजातून ५८ कंटेनर न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले. ट्रकवरून जहाजावर पेटीच चढते, आतला माल हलवावा लागत नाही. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी अशाच एका पेटीत भरणं सोपं झालं. २०१५ च्या ओपन कंटेनर इनिशिएटिव्हने त्या पेटीचं माप सर्वांसाठी खुलं केलं.

एजंट मात्र पूर्ण पेटीत मावत नाही. त्याचं भाषा-मॉडेल बहुधा दुसरीकडेच चालतं. त्याच्या आठवणी आणि परवानग्या अनेकदा प्लॅटफॉर्मकडेच असतात. पेटी हलवली की कोड येतो, बाकीचं मागे राहतं.

आपल्याला त्याचं काय? समजा, आपल्या मंडळाने जुन्या अंकांतले लेख शोधणारा एजंट केला. ‘ख्रिस्तपुराण’ आणि ‘क्रिस्तपुराण’ एकच, फादर स्टीफन्स आणि थॉमस स्टीव्हन्स एकच, १६१६ चं ते मराठी पुस्तक रोमन लिपीत छापलेलं, म्हणून रोमन स्पेलिंगही तपासायचं, हे सगळं आपण त्याला दोन वर्षं शिकवलं. मग प्लॅटफॉर्मने दर वाढवले तर? मोठी कंपनी इंजिनियर बसवून सगळं पुन्हा उभं करेल. आपल्याकडे परीक्षेच्या आधी सवड काढणारी चार मुलंच आहेत.

कुणी म्हणेल, प्लॅटफॉर्मच्या तयार सोयी वापरल्या की काम लवकर होतं. होतं ना, वापराव्यात. पण शिकवलेल्या नोंदी साध्या फाइलमध्ये आपल्याकडे हव्यात. मॉडेल बदलता यायला हवं. परवानग्यांची यादी पेटीबरोबर जावी, पासवर्ड आणि किल्ल्या मात्र नाही; नव्या ठिकाणी त्या माणसानेच पुन्हा द्याव्यात.

एवढं पाळलं तरच ‘कुठेही चालेल’ म्हणण्यात अर्थ आहे. एजंट बनवायचं ठरलं, तर मंडळाच्या पहिल्याच बैठकीत हे विचारून घेऊया.