टायफॉइड मोजायचा कसा?

पावसाळ्यात आटगाव परिसरात ताप तीन-चार दिवस उतरला नाही की विडाल चाचणी होते आणि ‘टायफॉइड निघाला’ असे ऐकू येते. पण विडाल जुन्या संसर्गामुळे, कधी दुसऱ्याच तापातही पॉझिटिव्ह येते. खात्री होते ती ब्लड कल्चरने. तेही साधारण दहातले सहाच रुग्ण पकडते. अँटिबायोटिक आधीच सुरू असेल तर त्याहून कमी. म्हणून अभ्यासक निसटलेले रुग्णही हिशेबात धरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये जगात सुमारे ९० लाख जणांना टायफॉइड झाला. भारतात २०१७ ते २०२० दरम्यान मुलांची पाहणी झाली. वेल्लोर, दिल्ली, कोलकात्याच्या शहरी वस्त्यांत वर्षाला लाख मुलांमागे ५७६ ते ११७३ रुग्ण निघाले. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अवघे ३५.

मग शहापूर-मुरबाडला आकडा कोणता लावायचा? खेडे म्हणून ३५ धरणे घाईचे. उन्हाळ्यात टँकर आणि उघड्या विहिरीवर भागवणाऱ्या पाड्याचे पाणी निराळे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची कॉन्जुगेट लस द्यायला सुरुवात केली. इथे तसा निर्णय घ्यायचा, तर गोळ्या सुरू होण्याआधी रक्त कल्चरला गेले पाहिजे.