सात डॉलरची नोट

फिजीने २०१७ मध्ये चक्क सात डॉलरची नोट काढली, तीही आपल्या रग्बी सेव्हन्सच्या गड्यांसाठी! ११ ऑगस्ट २०१६ रोजी रिओत त्यांनी ब्रिटनचा ४३-७ असा धुव्वा उडवला. देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक, आणि तेही सोन्याचं. सहाच महिन्यांपूर्वी विन्स्टन चक्रीवादळाने तिथली गावंच्या गावं भुईसपाट केली होती.

सेव्हन्सचा सामना सहसा सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा, मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीएवढंच. दमसास नसेल तर इथे कुणाची डाळ शिजत नाही. तरी आमच्या मनात घर करून राहिलाय तो पदकाचा क्षण. ब्रिटनची राजकन्या ॲन समोर येताच एकेक धिप्पाड गडी गुडघ्यावर बसत होता. थोरामोठ्यांपुढे असं खाली बसणं ही फिजीची रीत.