नांदेड गाठेपर्यंत थांबायचं कशाला?

‘ट्रॅनेक्सा नको, गुठळ्या होतील. नांदेडला नेल्यावर तिथले बघतील.’ अपघातात रक्त वाहून चाललेल्या रुग्णाबद्दल असा सल्ला अजूनही ऐकू येतो. त्यात सावधगिरी दिसते; प्रत्यक्षात धोका तीच ओढवून घेते.

आधी गुठळ्यांचं. ट्रॅनेक्सा म्हणजे ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड; ते रक्त गोठवत नाही. जखमेवर शरीराने धरलेली गुठळी प्लाझमिन नावाचं विकर विरघळवू लागतं, त्याला ते अटकाव करतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-२’ चाचणीत ४० देशांतले २०,२११ जखमी होते, भारतातलेही. औषध मिळालेल्यांत १४.५ टक्के दगावले, न मिळालेल्यांत १६. हृदयविकार, पक्षाघात किंवा फुफ्फुसातली गुठळी यांचं प्रमाण वाढलं नाही. शिवाय बाळंतपणातल्या अतिरक्तस्रावाला हेच औषध द्या, असं जागतिक आरोग्य संघटना २०१७ पासून सांगते. बाळंतिणीला जे चालतं, ते ट्रॅक्टरखाली सापडलेल्याला का चालू नये?

आता नांदेडचं. सेनगावकडच्या एखाद्या खेड्यात मळणीयंत्रात हात गेला, तर आधी मोटारसायकल, मग जीप, प्राथमिक आरोग्य केंद्र, हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय आणि तिथून नांदेडचं विष्णुपुरीतलं सरकारी रुग्णालय, म्हणजे आणखी ऐंशी-नव्वद किलोमीटर. त्याच चाचणीत पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने ५.३ टक्के गेले, न मिळालेल्यांत ७.७. तीन तासांनंतर मात्र उलटं झालं: दिलेल्यांत ४.४, न दिलेल्यांत ३.१. म्हणजे हे औषध घातक ठरतं ते उशिरा दिल्याने, आणि ‘तिथले बघतील’ हा उशिराचाच रस्ता.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. २०२३ च्या ‘पॅच’ चाचणीत दवाखान्याबाहेरच औषध सुरू केलं, तरी सहा महिन्यांनी धडधाकट जगणाऱ्यांची संख्या वाढली नाही. खरं आहे. पण २८ दिवसांतले मृत्यू २१.८ टक्क्यांवरून १७.३ वर आले होते. अपंगत्वाच्या भीतीने जीवच सोडून द्यायचा, हा हिशेब मला पटत नाही.

रक्त आणि शस्त्रक्रिया यांना हा पर्याय नव्हेच. त्यासाठी नांदेड हवंच. पण पाचशे मिलिग्रॅमच्या दोन अँप्यूल दहा मिनिटांत शिरेतून देण्याला शल्यगृह लागत नाही. १०८ रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. पहिला डोस आरोग्य केंद्रात किंवा गाडीतच पडावा, आणि रेफरच्या चिठ्ठीवर दोन वेळा ठळक लिहाव्यात: मार किती वाजता लागला आणि ट्रॅनेक्सा किती वाजता दिलं. पुढच्या आठ तासांत सलाइनमधून जाणारा दुसरा ग्रॅम नांदेडच्या डॉक्टरांना त्यावरूनच ठरवायचा असतो.