सूचनाफलकावर सत्ता कोणाची?

“सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की...” महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी लावलेल्या कोणत्याही सूचनेचा प्रारंभ बहुधा या शब्दांनी होतो. कोण कळवितो, कोणाच्या निर्णयाने कळवितो, हे त्या वाक्यात कोठेच नसते. शुल्क वाढविण्यात आले आहे. अमुक तुकडी बंद करण्यात येत आहे. अपरिहार्य कारणास्तव तासिका रद्द करण्यात आल्या आहेत. सारे काही “करण्यात येते”. करणारा मात्र पडद्याआड राहतो. जणू शुल्कवाढ ही अवकाळी पावसासारखी आकाशातून पडलेली आपत्ती आहे आणि तिला कोणीच उत्तरदायी नाही!

सूचनाफलकाकडे आपण सामान्यतः कारकुनी व्यवहार म्हणून पाहतो. परीक्षेचे वेळापत्रक, ग्रंथालयाची वेळ, स्नेहसंमेलनाची तारीख यांत राजकारण ते कसले? परंतु ज्या महाविद्यालयात कष्टकऱ्यांची मुले शिकतात, तेथील सूचनांचे एक वर्षाचे कागद एकत्र करून वाचावेत. ती संस्था कोणासाठी चालते आणि कोणाच्या हुकमाने चालते, हे त्या कागदांइतके स्पष्टपणे कोणत्याही वार्षिक अहवालात सापडणार नाही. या दृष्टीने न्यूयॉर्क शहरातील एका छोट्या महाविद्यालयाचा इतिहास आपल्या देशातील विद्यार्थी, शिक्षक व पालक यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

जनतेचे महाविद्यालय

अमेरिकेत “कम्युनिटी कॉलेज” म्हणजे उच्च माध्यमिक शिक्षणानंतरचे दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी अशा पहिल्या सार्वजनिक महाविद्यालयाची सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने १९४७ मध्ये या महाविद्यालयांचे जाळे देशभर विणण्याची शिफारस केली आणि “कम्युनिटी कॉलेज” हे नाव रूढ झाले. दिवसा कारखान्यात, रुग्णालयात वा दुकानात राबून सायंकाळी वर्गात बसणारा तरुण, मुले वाढवून पुन्हा शिकू पाहणारी स्त्री, परदेशातून पोट भरण्यासाठी आलेला मजूर, यांच्यासाठी उच्च शिक्षणाचे हे एकमेव उघडे दार होते.

न्यूयॉर्कमध्ये तर हे दार विनामूल्य उघडे होते. १८४७ साली स्थापन झालेल्या “फ्री अकॅडमी”पासून चालत आलेल्या परंपरेनुसार शहराच्या सार्वजनिक महाविद्यालयांत नियमित विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेतले जात नसे. तथापि विनामूल्य असलेले दार सर्वांना मोकळे होतेच असे नाही. प्रवेशाच्या अटी अशा होत्या की गरीब वस्त्यांतील कृष्णवर्णीय व पोर्टोरिकन मुले बाहेरच राहत. १९६९ च्या वसंतात सिटी कॉलेजमधील या समाजांच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचा ताबा घेऊन तीव्र लढा दिला. त्याचे फळ म्हणून १९७० पासून शहरातील उच्च माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला विद्यापीठात कोठे ना कोठे प्रवेश देण्याचे धोरण लागू झाले. त्या वर्षी प्रथम वर्षाला सुमारे ३५ हजार विद्यार्थी आले.

याच काळात दक्षिण ब्राँक्स या शहरातील अत्यंत दरिद्री भागात होस्तोस कम्युनिटी कॉलेज उभे राहिले. १९६८ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि १९७० मध्ये टायरच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत वर्ग भरू लागले. पोर्टो रिकोचे थोर शिक्षणतज्ज्ञ एउखेनिओ मारिया दे होस्तोस यांचे नाव त्याला देण्यात आले. नाव देऊन काम संपले नाही. येथे स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून अध्यापन होत असे. मायबोलीत विषय समजून घेत घेत इंग्रजी शिकावी आणि परिचारिका, दंतआरोग्य सहायक, क्ष-किरण तंत्रज्ञ होऊन आपल्याच वस्तीची सेवा करावी, अशी ती योजना होती. येथील विद्यार्थ्याला सूचनाफलकावरचे वाक्य समजण्यासाठी दुभाष्या शोधावा लागत नव्हता. उच्च शिक्षणाच्या जगात ही गोष्ट लहान नव्हे.

“अपरिहार्य कारण” कोणी निर्माण केले?

१९७५ साली न्यूयॉर्क शहराची तिजोरी रिकामी झाली. बँकांनी शहराचे रोखे घेणे थांबविले. अध्यक्ष फोर्ड यांनी त्या ऑक्टोबरात शहराला वाचविणाऱ्या कोणत्याही विधेयकावर नकाराधिकार वापरण्याची धमकी दिली. शहराच्या खर्चावर नियंत्रण ठेवण्यासाठी एक आणीबाणी मंडळ नेमण्यात आले. त्यात लोकनियुक्त पदाधिकाऱ्यांच्या शेजारी बड्या कंपन्यांचे अधिकारी येऊन बसले. या अधिकाऱ्यांना एकाही नागरिकाने मत दिलेले नव्हते. परंतु कोणती शाळा, कोणते रुग्णालय, कोणते अग्निशमन केंद्र चालावे, यावर त्यांचा शब्द चालू लागला.

धनकोंची देणी प्रथम, जनतेच्या गरजा नंतर, हा त्या काळाचा नियम ठरला. शहरातील सहस्रावधी कर्मचाऱ्यांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. विद्यापीठाच्या काटकसरीच्या योजनेत होस्तोसचे स्वतंत्र अस्तित्व संपवून ते दुसऱ्या महाविद्यालयात विलीन करण्याचा प्रस्ताव आला. नवे, लहान, अत्यंत गरीब वस्तीतील, आणि ज्याच्या पालकांपैकी कोणाचीच सत्ताधाऱ्यांच्या दिवाणखान्यात ऊठबस नाही असे महाविद्यालय प्रथम बळी द्यावयास निवडले गेले, यात नवल ते काय?

परंतु दक्षिण ब्राँक्सच्या जनतेने ही घोषणा मुकाट्याने वाचली नाही. विद्यार्थी, अध्यापक, कर्मचारी आणि वस्तीतील माणसे एकत्र आली. मोर्चे निघाले, रस्ते अडविले गेले, आमदारांच्या दारी शिष्टमंडळे गेली. रामोन हिमेनेझ यांच्यासारखे वकील-अध्यापक विद्यार्थ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. १९७६ च्या वसंतात विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचा ताबा घेतला आणि तो जवळजवळ तीन आठवडे टिकविला. अखेर पोलिस आले, अटका झाल्या. पण चळवळ मोडली नाही. जून १९७६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने होस्तोससाठी स्वतंत्रपणे ३० लक्ष डॉलरची तरतूद केली आणि महाविद्यालय वाचले. जे कारण कालपर्यंत “अपरिहार्य” म्हणून सांगितले जात होते, ते लोकांनी रेटा देताच परिहार्य ठरले!

विजयाची दुसरी बाजू

येथे थांबून टाळ्या वाजविणे सोपे आहे. परंतु ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. मे १९७६ च्या अखेरीस पगाराला पैसे नाहीत म्हणून सारे विद्यापीठ सुमारे दोन आठवडे बंद ठेवण्यात आले आणि त्याच जूनमध्ये विद्यापीठाच्या मंडळाने शिक्षणशुल्क लागू केले. १२९ वर्षांची विनामूल्य शिक्षणाची परंपरा एका ठरावानिशी संपली. महामंदीच्या काळातही जे घडले नव्हते, ते कृष्णवर्णीय व पोर्टोरिकन मुलांनी वर्गात पाऊल टाकल्यावर अवघ्या सहा वर्षांत घडले. ब्रुकलिनमधील कृष्णवर्णीय वस्तीसाठी उभ्या राहिलेल्या मेडगर एव्हर्स कॉलेजचा चार वर्षांच्या महाविद्यालयाचा दर्जा त्याच वर्षी काढून घेऊन त्यास कम्युनिटी कॉलेज करण्यात आले. तो दर्जा परत मिळावयास १९९४ साल उजाडावे लागले.

यातून धडा कोणता? एक महाविद्यालय वाचविण्यासाठी एक वस्ती पुरी पडली. परंतु विनामूल्य शिक्षणाचा हक्क वाचविण्यासाठी सबंध शहराच्या श्रमिकांनी एकत्र यावयास हवे होते. ते झाले नाही. प्रत्येक संस्था आपापल्या दारापुरती लढली. राज्यकर्त्यांनी एका हाताने एक दार उघडे ठेवले आणि दुसऱ्या हाताने सर्वच दारांवर नाक्याचा दांडा आडवा केला.

तो दांडा आजही तेथेच आहे. न्यूयॉर्क शहराच्या सात कम्युनिटी कॉलेजांत राज्यातील विद्यार्थ्याला वर्षाला ४,८०० डॉलर शुल्क पडते. अनेकांना सरकारी साहाय्य मिळते हे खरे. पण हक्काची जागा अर्जाने घेतली आहे. आपण पुरेसे गरीब आहोत हे सिद्ध करीत विद्यार्थ्याला दारोदार फिरावे लागते. २०२१ साली अध्यक्ष बायडेन यांनी देशभर दोन वर्षांचे कम्युनिटी कॉलेज शिक्षण विनामूल्य करण्याची योजना मांडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात वाटाघाटींत ती गाळण्यात आली. २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने २५ ते ५५ वयाच्या नागरिकांना काही निवडक अभ्यासक्रमांपुरते हे शिक्षण विनामूल्य केले. ते स्वागतार्हच आहे. पण निवड कोणती? उद्योगांना ज्या मनुष्यबळाची टंचाई आहे, तेच अभ्यासक्रम! इतिहास वा साहित्य शिकू इच्छिणाऱ्या मजुराने मात्र पैसे मोजावेत.

आज अमेरिकेतील अनेक कम्युनिटी कॉलेजांच्या सूचनांत परीक्षेच्या तारखांशेजारी मोफत अन्नवाटप केंद्राच्या वेळाही असतात. जगातील सर्वांत धनाढ्य देशातील विद्यार्थ्याला वर्गात बसण्यापूर्वी भाकरीच्या रांगेत उभे राहावे लागते, याहून बोलकी सूचना कोणती?

आपल्या फलकांकडे पाहा

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून कम्युनिटी कॉलेजांची योजना राबविली. स्थानिक गरजेनुसार कौशल्य शिकवावयाचे, असा तिचा हेतू सांगण्यात आला. नाव तेच आले; पण नावातील “कम्युनिटी”, म्हणजेच जनसमुदाय, याला संस्थेच्या कारभारात स्थान काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा नेमके हेच विचारले होते: शेतकऱ्याच्या घामातून कर गोळा होतो, मग त्या पैशातून चालणारे शिक्षण शेतकऱ्याच्या मुलापर्यंत का पोहोचत नाही? कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून त्याला कृतीने उत्तर दिले. ‘कमवा व शिका’ या त्यांच्या योजनेत श्रमाला प्रतिष्ठा होती. आज श्रमाचे ते नाते उलटे होऊ लागले आहे. विद्यार्थी कमावतो तो शिकण्यासाठी नव्हे, तर शुल्काचा पुढील हप्ता भरण्यासाठी, आणि त्या धावपळीत तास बुडतो तो शिकण्याचाच.

आणि शिकविणारा? अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत अध्यापकांची बहुसंख्या अर्धवेळ आहे. एका सत्रापुरती नेमणूक, पुढच्याची हमी नाही. आपल्याकडील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला हे वर्णन वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वर्षानुवर्षे शिकवूनही सुटीचा महिना त्याला बिनपगारी काढावा लागतो. त्याची नेमणूक सूचनाफलकावर लागते आणि त्याची गच्छंती तेवढी सूचनेवाचून होते.

मागणी काय असावी?

मागणी मोठी क्रांतिकारक वाटणार नाही. पण ती मान्य करणे व्यवस्थापनांना जड जाईल. पहिली गोष्ट, विद्यार्थ्यांच्या जीवनावर परिणाम करणारी प्रत्येक सूचना लोकांच्या भाषेत निघाली पाहिजे. ज्या पालकाच्या घामातून शुल्क जाते त्याला ते का वाढले हे वाचता आले पाहिजे. दुसरी गोष्ट, निर्णय कोणी घेतला, कोणत्या बैठकीत घेतला आणि त्यामागचा हिशेब काय, हे सूचनेतच नमूद असावे. “अपरिहार्य कारणास्तव” हा शब्दप्रयोग फलकावरून कायमचा हद्दपार व्हावा. तिसरी गोष्ट, शुल्कवाढ, तुकडी वा संस्था बंद करणे यांबाबतची घोषणा निर्णय झाल्यावर नव्हे, निर्णयापूर्वी व्हावी, आणि विद्यार्थी, शिक्षक व कर्मचारी यांच्या प्रतिनिधींना तीवर बोलण्याचा अधिकार असावा. चौथी गोष्ट, फलकाचा एक भाग विद्यार्थ्यांचा असावा. आज अनेक ठिकाणी विद्यार्थी संघटनेने चिकटविलेला कागद तासाभरात फाडला जातो, आणि सावकारी कर्जाची वा खासगी शिकवणीची जाहिरात महिनोन्‌महिने राहते!

आता सूचना फलकावरून भ्रमणध्वनीवर आल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न जुना झाला, असे कोणी म्हणेल. उलट तो अधिक तीव्र झाला आहे. फलकासमोर निदान दहा विद्यार्थी एकत्र उभे राहत, एकमेकांना विचारीत, संतापत, आणि तेथूनच प्राचार्यांच्या कार्यालयाकडे निघत. भ्रमणध्वनीवरील सूचना प्रत्येकजण एकटा वाचतो आणि पुष्कळदा तेथे उत्तर देण्याची सोयही बंद ठेवलेली असते. शुल्काची नवी रक्कम रात्री दहा वाजता हातात येऊन पडते आणि विद्यार्थी तिच्याकडे एकटाच पाहत राहतो.

म्हणून पुढच्या वेळी “कळविण्यात येते की” असे शब्द समोर येतील तेव्हा खाली मान घालून वाचू नका. शेजाऱ्याला हाक मारा. कोण कळवितो? कोणाच्या सांगण्यावरून? पैसा कोठे गेला? १९७६ मध्ये टायरच्या एका जुन्या कारखान्यात शिकणाऱ्या दरिद्री विद्यार्थ्यांनी हेच प्रश्न विचारले आणि आपले महाविद्यालय राखले. तेथे आजही वर्ग भरतात. त्यांना जे राखता आले नाही, ते सर्वांचे विनामूल्य शिक्षण, मिळविण्याचे काम अद्याप शिल्लक आहे. तेथेही आणि येथेही.