मेल आला, पण उत्तर?

इंटरव्ह्यूचा मेल आला की आपल्या हॉस्टेलवर आधी काय होतं? पार्टी! उत्तर द्यायचं मात्र कुणाच्या डोक्यातच येत नाही. 'बोलावलंय ना, मग जाऊ की!' माझ्या रूम पार्टनरने गेल्या वर्षी हेच केलं. 'येणार असल्यास कळवा' ही शेवटची ओळ त्याने वाचलीच नाही. रात्रीच्या एसटीने बिचारा पुण्याला पोचला, तर यादीत नावच नाही!

मित्रांनो, उत्तर चार ओळींचं असतं. आभार मानायचे, येतोय म्हणायचं, तारीख-वार-वेळ पुन्हा लिहायची (काही घोळ असेल तर इथेच कळतो), खाली पूर्ण नाव नि मोबाईल नंबर. नवा मेल नको, त्यालाच 'रिप्लाय' करा. त्या दिवशी पेपर असेल तर सरळ तसं लिहून दुसरी वेळ मागा. गप्प बसण्यापेक्षा ते बरं. आणि 'रिस्पेक्टेड सर' लिहिण्याआधी पाठवणाऱ्या मॅडम नाहीत ना, एवढं तरी बघा!

इंग्रजी कच्चं म्हणून बरेच जण लिहायलाच घाबरतात. माझ्या मते साधी, छोटी वाक्यं पुरतात. उसनं इंग्रजी लगेच ओळखू येतं. आमच्या विंगमधल्या एकाने सीनियरचं उत्तर जसंच्या तसं पाठवलं, खाली नावही सीनियरचंच!